पद्मिनीला पाचवा गिअर

काशीमिऱ्याच्या नाक्यावरून ठाण्याकडे घोडबंदर रस्ता धरला की थोड्याच वेळात गायमुखचा चढ लागतो. कंटेनर, टँकर आणि मिक्सर यांच्या रांगेत एखादी जुनी प्रीमियर पद्मिनी अडकली असेल, तर तिच्या चालकाकडे लक्ष द्या. पहिला गिअर टाकण्याआधी तो गाडी पुरती थांबू देतो. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिन्क्रोनायझर, म्हणजे दातांचा वेग आपोआप जुळवणारी रचना, नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारून दातांचा वेग जुळवावा लागतो, नाहीतर गिअरपेटीतून असा करकराट येतो की बाजूचा रिक्षावालाही वळून बघतो. आणि हीच गाडी हायवेला वरसावे पुलाच्या पुढे मोकळी सुटली की ऐंशीच्या वेगाला तिचं इंजिन ओरडायला लागतं, कारण चौथ्याच्या वर टाकायला काहीच नाही.

अशा गाडीचा हौशी मालक कधी ना कधी मेकॅनिकला विचारतोच, 'हिला पाच गिअरची पेटी बसेल का हो?' उत्तर ठरलेलं असतं: 'बसते की!' ते उत्तर खोटं नसतं. गॅस कटर, वेल्डिंग आणि लेथ हाताशी असेल तर कुठल्याही गाडीत कुठलीही पेटी बसते. ती बसवण्यासाठी गाडीत पुढेमागे काय काय बदलावं लागेल, हे मात्र मालक विचारत नाही आणि मेकॅनिक सांगत नाही. पेटी आधी विकत घेतली जाते, मापं नंतर घेतली जातात. बहुतेक अर्धवट राहिलेल्या गाड्यांचं मूळ तिथे आहे.

ही हौस मूळची अमेरिकेची. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कोरड्या सरोवरांच्या सपाटीवर पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड-बॉनेट उतरवून त्या पळवायची. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन दिलं आणि या 'हॉट रॉड' गाड्यांना हवं ते मिळालं. पण इंजिनाची ताकद वाढली की गिअरपेटी आधी दात टाकते. म्हणून ही मंडळी १९३९च्या फोर्डची पेटी शोधत फिरायची आणि तिच्यात लिंकन झेफिर गाडीचे जवळजवळच्या प्रमाणांचे गिअर भरायची. १९३९चीच का? तर १९४०पासून फोर्डने मोटारगाड्यांत गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या नळीवर नेला, आणि हौशी लोकांना तो जमिनीवरच हवा होता. पद्मिनीचा दांडाही स्टिअरिंगजवळच, त्यामुळे आपल्या पद्मिनीवाल्यांचं दुखणं ते हेच, फक्त काही दशकं उशिरा आलेलं.

फोर्डमध्ये आणखी एक गोम होती. त्या काळच्या गाड्यांचा प्रॉपेलर शाफ्ट एका बंद नळीत असायचा आणि मागच्या चाकांचा सगळा रेटा ती नळीच पुढे पेटीपर्यंत पोचवायची. पेटी बदलायची म्हटलं की ही नळी जायची, आणि नळी गेली की मागचा अ‍ॅक्सल धरून ठेवायला नवे दांडे बसवावे लागायचे. १९४९च्या मॉडेलपासून फोर्डने ती सोडली. आजही तिथे जुन्या फोर्डमध्ये जनरल मोटर्सची सेव्हन-हंड्रेड-आर-फोर ही चार गिअरची ऑटोमॅटिक पेटी सर्रास बसवतात, तिचे तयार जोडसंच मिळतात. तरीही त्यात एक केबल असते, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते पेटीला सांगणारी. ती नीट लावली नाही तर पेटीतला तेलाचा दाब कमी पडतो आणि आतल्या क्लचप्लेटा जळतात. इतका तयार माल मिळणाऱ्या देशात हे होतं, तर आपल्याकडे काळजी किती घ्यावी!

पद्मिनी आपल्या शेजारची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला. १९६४पासून तिथे फियाट ११०० डी बनू लागली, १९७२ला तिचं नाव प्रेसिडेंट झालं, १९७४ला पद्मिनी. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची, चार गिअर, आणि दांडा स्टिअरिंगजवळ. तो तिथे असल्याने पुढे अखंड बाकडं बसवता आलं आणि टॅक्सीत चालकाच्या शेजारी जास्तीचं माणूस सामावलं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचं सगळं अर्थकारण त्या दांड्याच्या जागेवर काही प्रमाणात टेकलेलं होतं, असं मला नेहमी वाटतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर ती अधिकृतपणे उरली नाही. आता उरल्यात त्या खासगी, हौसेने जपलेल्या.

स्टिअरिंगवरच्या दांड्याचा तोटा असा की दांडा आणि पेटी यांच्यात सळया, कोपरे आणि बुश यांची लांबलचक साखळी असते. प्रत्येक बुश थोडा थोडा झिजतो आणि शेवटी दांडा दलदलीत फिरवल्यासारखा वाटतो. दुसऱ्याऐवजी चौथा पडतो, रिव्हर्स फसतो. लोक म्हणतात पेटी गेली. पेटी बहुधा ठीक असते. नवे बुश, सळयांची लांबी नीट लावणं आणि फार तर पेटी उघडून सिन्क्रो रिंगा बदलणं एवढ्यात निम्म्या तक्रारी मिटतात. हा उपाय स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा कुणी तो सुचवत नाही.

कंपनीलाही या दांड्याचा कंटाळा आलाच होता. पद्मिनीच्या अखेरच्या काळातल्या एस-वन मॉडेलला खालचा, म्हणजे जमिनीवरचा गिअर मिळाला आणि बाकड्याच्या जागी सुट्या सीटा आल्या. हिंदुस्तान मोटर्सनेही अ‍ॅम्बॅसेडरमध्ये १.८ लिटरचं इसुझू इंजिन घातलं तेव्हा त्याच्यासोबत पाच गिअरची पेटी आणि खालचा दांडा दिला. यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे: त्यांनी जुन्या इंजिनाला परकी पेटी जोडली नाही, इंजिन आणि पेटी जोडीने आणली. कारखान्याकडे अभियंते होते, पैसा होता, तरी त्यांनी सोपा रस्ता धरला.

आता पाचव्या गिअरचा फायदा किती, ते आकड्यात बघू. पद्मिनीच्या चाकाचा घेर १.८ मीटर आणि मागच्या क्राउन-पिनियनचं प्रमाण ४.३ धरू. ताशी ८० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर. चाकाचे फेरे झाले ७४०. चौथ्या गिअरमध्ये पेटी सरळ एकास एक चालते, म्हणजे प्रॉपेलर आणि इंजिन दोन्ही मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेतात. पाचव्याचं प्रमाण ०.८ असेल तर इंजिन २,५५०वर येतं. कानाला हा फरक फार मोठा वाटतो, आणि सपाट रस्त्यावर तो खराही आहे. पण चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाकडे २,५५० फेऱ्यांना राखीव ताकद उरते किती? समोर पुलाचा साधा चढ आला, वारा तोंडावर आला, मागे चार माणसं बसली, की पुन्हा चौथा. गायमुखच्या चढाला तर पाचव्याचा उपयोग शून्य. तिथे कामाला येतो तो नव्या पेटीतला सिन्क्रो असलेला पहिला. म्हणून माझं मत असं की पद्मिनीवाल्याने नवी पेटी पाचव्यासाठी घेऊ नये, घेतलीच तर पहिल्या-दुसऱ्यासाठी घ्यावी.

पेटी आणायची कुठून? इथे यादी झटकन आखडते. पद्मिनीचं इंजिन लांबीच्या दिशेने बसतं आणि चालतात मागची चाकं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवं, चाकं पुढची, आणि पेटी-डिफरन्शिअल एकाच डब्यात; ती पेटी इथे काहीच कामाची नाही. उरतात मागच्या चाकांवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्या. मारुती जिप्सी किंग आणि ईको ही नावं म्हणूनच सारखी ऐकू येतात. दोन्हींना पाच गिअर. जिप्सी फोर-व्हील ड्राइव्ह असली तरी तिची ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) पेटीला चिकटलेली नसते, मधे छोटा शाफ्ट असतो, त्यामुळे पेटी सुटी मिळते. तिचा पाचवा ०.७९५, म्हणजे वरच्या हिशेबात चपखल बसणारा. जीप किंवा डिझेल टेम्पोची पेटी मजबूत म्हणून कुणी सुचवतं. ती एवढी जड आणि तिचा पहिला गिअर एवढा खोल असतो की छोट्या मोटारीत तिचं ओझंच जास्त.

पेटी मिळाली की खरं काम सुरू होतं. इंजिनाच्या पाठीवरचे बोल्ट आणि नव्या पेटीच्या हाउसिंगचे बोल्ट जुळत नाहीत, जुळणारही नाहीत. मधे एक अडॅप्टर प्लेट करावी लागते: एका बाजूला फियाटची भोकं, दुसऱ्या बाजूला मारुतीची. मीरा-भाईंदरकरांचं एक बरं आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांचा धंदा वर्षानुवर्षं चालतो, आणि भांडी म्हटली की प्रेस आले, डाय आल्या, लेथ आणि मिलिंग जाणणारी माणसं आली. प्लेट कापून देणारा हात गावातच सापडतो. पण त्याला नुसता पुठ्ठ्यावर उमटवलेला भोकांचा नकाशा देऊ नका. भोकं जुळणं ही यातली सर्वांत किरकोळ गोष्ट आहे.

महत्त्वाचा आहे मध्य. इंजिनाच्या क्रँकशाफ्टचा अक्ष आणि पेटीच्या इनपुट शाफ्टचा अक्ष एकाच रेषेत हवेत. इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या छोट्या बुशमध्ये शिरतं आणि दुसरा आधार पेटीतल्या बेअरिंगचा. हे दोन आधार एका रेषेत नसतील तर शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला वाकतो. मोजायची रीत जुनी आहे आणि तिला अर्धा तास पुरतो. फ्लायव्हीलवर चुंबकाच्या पायाचा डायल गेज लावायचा, त्याची सुई हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवायची, आणि क्रँक हाताने सावकाश फिरवायचा. सुई पूर्ण फेऱ्यात पाच थाऊच्या, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटरच्या आत हलली तर ठीक. जास्त हलली तर प्लेट सरकवून पुन्हा मोजायचं, आणि जमल्यावर डॉवेल पिना ठोकून जागा पक्की करायची. बोल्टच्या भोकात बोल्टला थोडी ढिलाई असतेच, त्यामुळे नुसत्या बोल्टवर मध्य टिकत नाही. डॉवेल न लावता दिलेलं काम परत पाठवावं.

मध्य चुकला की काय होतं? सुरुवातीला काहीच नाही, आणि हाच त्रास. महिन्या-दोन महिन्यांनी तिसरा गिअर आपोआप सुटायला लागतो, पेटीच्या पुढच्या बेअरिंगचा सूर लागतो, क्लच दाबूनही गिअर पडत नाही, कधी क्लचप्लेटचा मधला भाग तडकतो. मग दोष पेटीवर जातो आणि भंगारवाल्याकडून दुसरी पेटी येते. तीही त्याच वाटेने जाते.

प्लेटची जाडी हा दुसरा सापळा. बारा मिलिमीटरची प्लेट मधे आली म्हणजे पेटी बारा मिलिमीटर मागे गेली. तेवढंच शाफ्टचं टोक बुशपासून लांब. ते बुशमध्ये पुरेसं शिरतं का हे आधी बघायचं. नसेल तर बाहेर आलेला लांब बुश वळवून घ्यायचा. याच हिशेबात स्टार्टर मोटर येते: तिचा पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगला किती खोल लागतो हे प्लेटच्या जाडीवर ठरतं. रिलीज बेअरिंगची चालही तेवढीच बदलते.

क्लचचा गुंता वेगळाच. प्लेटच्या मधल्या खाचा नव्या पेटीच्या शाफ्टला बसायला हव्यात आणि प्लेटचा बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हीलला. काही गॅरेजांत जुन्या प्लेटचा मधला भाग काढून दुसऱ्या प्लेटचा रिव्हेटने बसवून देतात. चालतं, पण हायवेला सुटून आलेला एक रिव्हेट हाउसिंगमध्ये काय करतो ते ज्याने बघितलंय तो पुन्हा ते करत नाही. दोन्ही मापं जुळणारी तयार प्लेट शोधण्यात आठवडा गेला तरी चालेल.

पेटीच्या मागे प्रॉपेलर. नव्या पेटीची लांबी वेगळी, म्हणजे शाफ्ट कापून किंवा वाढवून घेणं आलं. पुढचं टोक नव्या पेटीचं, मागची फ्लँज जुन्या अ‍ॅक्सलची. वेल्ड झाल्यावर तो बॅलन्सिंग मशिनवर फिरवायलाच हवा. दोन्ही टोकांचे काटे एकाच रोखात असायला हवेत आणि पेटीच्या मागच्या शाफ्टची रेषा व अ‍ॅक्सलच्या पिनियनची रेषा समांतर हवी. जॉइंट क्रॉसचा कोन एक ते तीन अंशांत ठेवावा. अगदी शून्यही नको, कारण मग क्रॉसमधल्या सुया जागच्या हलत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. पेटीचं माउंटिंग वेल्ड करण्याआधी हे कोन मोजायचे असतात. आपल्याकडे आधी वेल्ड होतं.

गाडी रस्त्यावर आल्यावर थरथर जाणवली तर घाबरून सगळं उतरवू नये. ज्या वेगाला थरथरते त्या वेगाला, रस्ता मोकळा असताना, न्यूट्रल करून इंजिन खाली येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर ती प्रॉपेलरची किंवा चाकांची. गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये रेस दिली की थरथरते, आणि क्लच दाबला की थांबते? मग संशय क्लचप्लेट आणि इनपुट शाफ्टवर, म्हणजे पुन्हा त्या मध्यावर. तेलाबाबत एकच सांगतो: जुन्या पितळी सिन्क्रोच्या पेट्यांत जीएल-४ प्रतीचं तेल घाला. डिफरन्शिअलसाठीच्या जीएल-५मधली रसायनं पितळेला मानवत नाहीत.

जीपवाल्यांची अडचण याहून बिकट. विलिस घडणीच्या महिंद्रा जीपमध्ये ट्रान्सफर केस पेटीच्याच पाठीला बोल्ट केलेली असते आणि सीजे-थ्री-बीचा व्हीलबेस जेमतेम ८० इंच. तीन गिअरच्या जागी लांब पाच गिअरची पेटी आली की ट्रान्सफर केस मागे सरकते, मागचा शाफ्ट आखूड होतो आणि त्याचा कोन वाढतो. स्प्रिंगा उंच केलेल्या असतील तर विचारूच नका. लांब व्हीलबेसच्या जीपला हे सोसतं, छोटीला नाही.

राहिला कायदा, आणि तो हौसेपेक्षा कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार आरसी बुकात नोंदलेल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. अमेरिकेतल्या अस्सल हॉट रॉडचं इथे पासिंग होणं म्हणूनच अवघड. आरसीवर इंजिन आणि चॅसिसचे नंबर असतात, गिअरपेटीचा नसतो. पण कायद्यातली 'बदला'ची व्याख्या गाडीच्या मूळ वैशिष्ट्यावर परिणाम करणाऱ्या रचनेतल्या बदलाची आहे, आणि पेटीसाठी जमिनीचा पत्रा कापला की प्रश्न उभा राहू शकतो. इंजिनासकट जोडी बदलली तर परवानगीशिवाय गत्यंतरच नाही.

२०२१पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' अक्षरं. अट अशी की चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. रोजच्या वापराला ती गाडी नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत, ११०० डी तर केव्हाच. यादीत गिअरपेटीचं नाव नाही, पण बॉडी शेलचं आहे, आणि जमिनीचा कापलेला पत्रा शेलमध्येच मोडतो असं कुणी म्हटलं तर वाद घालणं कठीण.

तेव्हा काम काढण्याआधी आरटीओला लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. मीरा-भाईंदरकरांची नोंदणी वर्षानुवर्षं ठाण्याच्या एमएच-०४ची. शहरासाठी एमएच-५८ हा स्वतंत्र क्रमांक २०२५मध्ये मंजूर झाला आहे, त्यामुळे कुठल्या कार्यालयात जायचं तेही विचारून घ्या. पद्मिनी रोज चालवायची नसेल तर मूळ पेटीच नव्या बुश-रिंगांनी उभी करा, डबल क्लच शिका. बदलायचीच असेल तर पत्रा शक्यतो न कापता, बोल्टने सुटेल अशा माउंटिंगवर बदला. आणि जुनी पेटी कुर्ल्याच्या भंगारात विकू नका. तेल भरून, दोन्ही तोंडं बंद करून, सळया आणि दांड्यासकट घरी ठेवा, म्हणजे उद्या गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची ठरली तर एका दिवसात परत चढवता येईल.